नावाआधीचा दगड

या मननासाठी संध्याकाळची वेळ धरा. दुपारी ऊन डोक्यावर असतं तेव्हा दगड सपाट दिसतो. ऊन कललं की त्याच्या अंगावरच्या केसाएवढ्या रेघेलाही सावली पडते. भोपाळच्या हबीबगंजात किंवा शेजारच्या अरेरा कॉलनीत राहत असाल तर गच्चीवर बसा, बाल्कनीही चालेल. स्टेशनावरच्या घोषणा ऐकू येतील, येऊ द्या. त्या स्टेशनाचं नाव नोव्हेंबर २०२१ पासून राणी कमलापती झालं आहे. रिक्षावाल्याला मात्र 'हबीबगंज' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही.

या मननात डोळे मिटायचे नाहीत, उघडे ठेवायचे आहेत. समोर एक दगड ठेवा. नर्मदेच्या पात्रात उचललेला, मुलानं सहलीहून खिशात भरून आणलेला, कुणी 'जीवाश्म आहे हो, जपून ठेवा' म्हणून दिलेला, कुठलाही. दगड नसला तर पायाखालच्या दगडी फरशीवर हात ठेवा. भोपाळच्या श्यामला आणि अरेरा टेकड्या विंध्य वालुकाश्माच्या. सांचीचे स्तूपही त्याच जातीच्या दगडाचे. एखाद्या जुन्या फरशीवर बोटं फिरवली तर बारीक वळ्या हाताला लागतात. उथळ पाण्यात वाळूवर लाटेनं उठवलेल्या त्या वळ्या आहेत. वयाबद्दल वाद आहेत, पण बऱ्याच अभ्यासकांच्या हिशेबानं ते पाणी शंभर कोटी वर्षांपूर्वीचं. तेव्हा जमिनीवर ना झाड होतं ना गवताचं पातं.

आता पहिली काही मिनिटं त्या दगडाला काहीही म्हणू नका.

हे वाटतं तितकं सोपं नाही. मन लगेच पुढे सरसावतं: शंख आहे, पान आहे, मासा आहे, हाडच दिसतंय, अंडं तर नसेल? एकेक नाव येईल. त्याला हाकलू नका, बसायलाही सांगू नका. दगडाकडे परत या. वजन बघा. आकाराच्या मानानं जड आहे की हलका? कडा धारदार की पाण्यानं गोल झालेल्या? वरचा रंग आणि फुटलेल्या जागेचा रंग एकच आहे का? जी आकृती तुम्हाला दिसते आहे ती दगडाच्या आत शिरली आहे, की वर नुसती पसरली आहे? या शेवटच्या प्रश्नापाशी जरा जास्त वेळ थांबा. हौशी लोकांच्या बहुतेक फसगती इथंच होतात.

बोटानं पाण्याचा एक थेंब सोडा. कोरड्या दगडात न दिसणारं ओल्या दगडात दिसतं. दगडाच्या मागच्या, बिनमहत्त्वाच्या बाजूवर लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकून भिंगातून पाहा. बारीक बुडबुडे आले तर चुना आहे. हाड सच्छिद्र असतं म्हणून ते जिभेला चिकटतं का, असं चाटून पाहणारे भूशास्त्रज्ञही आहेत. तुम्ही ते केलं नाही तरी काही अडत नाही.

मराठी घरात वाढला असाल तर एक सागरी जीवाश्म तुम्ही लहानपणापासून पाहिलेला असण्याची शक्यता बरीच आहे. देवघरातला शाळिग्राम. आज त्याच्याकडे पुन्हा पाहा. हात धुऊन घ्या, आणि लिंबू लांब ठेवा. नेपाळातल्या काली गंडकीच्या पात्रातून आलेला काळा गोटा, आत फुटलेल्या जागी एक चक्र, चक्रावर आडव्या वरंब्यांची ओळ. तो अमोनाइट. कालवं-गोगलगायींच्या दूरच्या नात्यातला, माकुळाच्या जवळच्या नात्यातला समुद्रजीव. सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी आजच्या हिमालयाच्या जागी टेथिस समुद्र होता, त्याच्या तळच्या चिखलात हा रुतला. पुढे तळ उचलला गेला, पर्वत झाला, नदीनं पर्वत कापला आणि गोटा पुजाऱ्याच्या हाती आला. सगळ्याच शाळिग्रामांत चक्र नसतं. कित्येक आतून नुसताच घट्ट गोळा असतात.

चक्र किती, छिद्र कुठं, रंग कोणता, यावरून लक्ष्मीनारायण, दामोदर, नृसिंह अशी ओळख लावण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. मला ती पद्धत हसण्यावारी न्यावीशी वाटत नाही. तिच्यात निरखणं आहे, मोजणं आहे, एकाला दुसऱ्यापासून वेगळं काढणं आहे. शिवाय हा गंडकीचाच, दुसऱ्या नदीचा नव्हे, असा ठाम आग्रहही आहे. तो आग्रह लक्षात असू द्या.

आता दगड थोडा बाजूला ठेवा आणि झाडांकडे वळा. म्हणजे दगडातल्या झाडांकडे. बुंदेलखंडात बांद्याजवळ केन नदीत 'शजर' नावाचा दगड मिळतो. अकीकाच्या आत काळीभोर झुडपं, फांद्यांना फांद्या, अगदी शेवाळी पानंसुद्धा. त्याच्या अंगठ्या करतात. अशाच काळ्या-तपकिरी फांद्या वालुकाश्माच्या किंवा चुनखडकाच्या फरशीवरही दिसतात आणि पर्यटनस्थळी 'वनस्पती जीवाश्म' म्हणून विकल्या जातात. भिंग घ्या. फांदी कुठून निघाली ते शोधा. बहुधा एखाद्या भेगेच्या कडेपासून निघालेली सापडेल. पानाला मधली शीर आहे का? नाही. पानांचा ठरावीक आकार? नाही. जाडी? रंगाच्या थराएवढीच. पाण्यात विरघळून आलेलं मॅंगनीज आणि लोखंड भेगेत पसरत गेलं, सुकलं, एवढीच त्याची गोष्ट. त्यात कधीही कुणी जिवंत नव्हतं.

हे कळल्यावर थोडं वाईट वाटतं. वाटू द्या. ते वाईट वाटणं नेमकं कशाचं आहे, याकडे मिनिटभर बघा.

आणि आता भीमबेटक्याला चला, मनानंच. हबीबगंजहून इटारसीकडे जाणारी गाडी मिसरोद, मंडीदीप, ओबेदुल्लागंज करत निघते, आणि पुढे डाव्या-उजव्या टेकड्यांत वालुकाश्माचे उंच सुळके दिसू लागतात. १९५७ साली याच मार्गानं भोपाळकडे येताना पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकरांनी ते सुळके पाहिले. नीमचला जन्मलेले, उज्जैनला रमलेले, सगळ्यांचे हरिभाऊ. इतरांना खिडकीतून खडक दिसले. त्यांना त्यात निवारे दिसले, आणि नंतर ते तिथं चालत गेले. त्या जाण्यामुळेच आदिम चित्रांचा तो प्रचंड साठा जगाला माहीत झाला. २००३ साली भीमबेटका जागतिक वारसा यादीत आलं.

मार्च २०२० मध्ये काही भूशास्त्रज्ञ तिथल्या 'ऑडिटोरियम' नावाच्या मोठ्या गुहेत उभे होते. दिल्लीत भरणारी आंतरराष्ट्रीय भूशास्त्र परिषद कोरोनामुळे होऊ शकली नव्हती, तिला जोडून ठरलेल्या सहलीचा हा भाग. त्यांच्यातल्या कुणाचीतरी नजर वर गेली. खडकावर उंच एक लांबट, पानासारखा ठसा, मधून निघून कडेपर्यंत गेलेल्या बारीक बरगड्या. डिकिन्सोनिया! पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीचा मऊ अंगाचा जीव, ऑस्ट्रेलियात आणि रशियात सापडणारा, भारतात कधी न दिसलेला. २०२१ मध्ये 'गोंडवाना रिसर्च' या प्रतिष्ठित नियतकालिकात शोधनिबंध आला, जगभर बातम्या झाल्या. परिणामही मोठा होता. तो जीव खरा असेल तर तो खडक पंचावन्न कोटी वर्षांचा ठरणार, आणि विंध्याच्या वरच्या थरांचं वय शंभर कोटी म्हणणाऱ्यांना माघार घ्यावी लागणार.

पुढं काय झालं ते सावकाश ऐका. डिसेंबर २०२२ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाचे जोसेफ मीर्ट आणि त्यांचे सहकारी त्याच गुहेत गेले. ठसा जागेवर होता, पण तो खडकापासून सुटू लागला होता. पंचावन्न कोटी वर्षं टिकलेली गोष्ट तीन वर्षांच्या आत पापुद्र्यासारखी सुटते का? जवळच आग्या मोहोळाच्या पोळ्यांचे अवशेष होते. ठशाच्या कडेला मेणाच्या षटकोनी घरांची खूण होती. ते एक जुनं, कुजत आलेलं पोळं होतं. २०२३ मध्ये त्याच नियतकालिकात दुरुस्ती आली, आणि मूळ निबंधाच्या प्रमुख लेखकानं, ओरेगन विद्यापीठाच्या ग्रेगरी रिटॅलॅक यांनी, चूक मान्य केली.

यात हसण्यासारखं काही शोधू नका. मूळ निबंध लिहिणारे नवशिके नव्हते. रिटॅलॅक यांची उभी हयात जुन्या जिवांच्या आणि जुन्या मातीच्या अभ्यासात गेली आहे. उलट असं बघा: डिकिन्सोनिया ज्यानं शेकड्यानं पाहिला आहे, त्यालाच तो छतावर दिसणार. ज्याच्या डोक्यात ते नावच नाही त्याला पोळं दिसलं असतं. टाळेबंदीमुळे परत जाता आलं नाही, हाताशी फोटोच होते, आणि फोटोत ठसा आत शिरला आहे की वर चिकटला आहे हे कळत नाही. तुम्ही मघाशी ज्या प्रश्नापाशी थांबलात तोच हा. गंमत एवढीच की भीमबेटक्याच्या भिंतींवर मध गोळा करणारी माणसंही रंगवलेली आहेत. त्या चित्रकारांना एकदा मान वर करून बघायला सांगितलं असतं तर निकाल लगेच लागला असता.

इथं थांबा. पाणी प्या. समोरच्या दगडाकडे परत बघा. आता एखादं नाव पुन्हा वर आलं असेल तर त्याला विचारा: तू या दगडातून आलास, की माझ्या डोक्यातून?

ज्यात खरोखर जीव होता अशा दगडाकडे आता जाऊ. छिंदवाड्याच्या दक्षिणेला सौंसरजवळ मोहगाव कलाँ नावाचं गाव आहे. त्या पट्ट्यात घरोघर मराठी बोलतात. तिथं दख्खनच्या लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये तळ्याचा जुना गाळ सापडतो. लाव्हा आला, थांबला, मध्ये हजारो वर्षं गेली, तळी भरली, झाडं उगवली, मग पुन्हा लाव्हा आला. गाळातली फळं, फुलं, बिया, खोडं सिलिकानं भरून काढली आणि त्यांचा चर्ट नावाचा टणक दगड झाला. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. बाहेरून बघितलं तर करड्या-काळ्या गारगोटीचा ओबडधोबड तुकडा. कापला, घासून गुळगुळीत केला, तर आत पेशी दिसतात. एकेक पेशी, तिच्या भिंतीसकट.

नागपूरच्या श्या चितळे यांनी अशा दगडांपुढे वर्षानुवर्षं काढली. जन्म १९१८, डॉक्टरेट इंग्लंडच्या रीडिंग विद्यापीठाची, नागपूरच्या विज्ञान संस्थेत वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि पुढे अमेरिकेत क्लीव्हलंडच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात वनस्पती जीवाश्मांचा विभाग उभा केला. २०१३ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या कामाची रीत मनासमोर आणा, कारण तीच एक प्रकारचं मनन आहे. दगडाचा घासलेला पृष्ठभाग प्रयोगशाळेत अगदी थोडा वेळ आम्लात धरायचा. सिलिका किंचित झिजते, पेशींच्या भिंती केसभर वर उभ्या राहतात. त्यावर पातळ पारदर्शक थर बसवायचा, सुकला की सोलून काढायचा. सोललेल्या पापुद्र्यावर त्या पातळीचं सगळं चित्र उतरलेलं असतं. मग पुन्हा घासायचं, पुन्हा आम्ल, पुन्हा पापुद्रा. फळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत असं जात राहायचं, तेव्हा कुठं आत कप्पे किती आणि बिया कशा लागल्या आहेत ते कळतं. (हे आम्ल भयंकर विषारी असतं. घरी करून बघण्याची गोष्ट नव्हे.)

आणि एवढं करूनही नाव हात राखूनच दिलं जातं. मोहगावच्याच एका फळाला वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी १९४३ साली एनिग्मोकार्पन म्हटलं. तिथंच वेगळं मिळालेलं एक फूल, त्याला नागपूरच्या व्ही. बी. शुक्लांनी साहनीअँथस म्हटलं. दोन्ही एकाच झाडाची असावीत असं पुढे दिसलं. पण फूल फळाला जोडलेलं हाती आलं नव्हतं, म्हणून सुरुवातीला दोन नावं. जीवाश्म वनस्पतींत ही रीतच आहे: पानाचं नाव वेगळं, मुळाचं वेगळं, लाकडाचं वेगळं. ज्याचा पुरावा नाही ते जोडायचं नाही. मला या शास्त्रातली ही सभ्यता फार आवडते.

याच चर्टमध्ये निपा नावाच्या ताडवर्गीय झाडाची फळं मिळाली आहेत. निपा आज सुंदरबनात, अंदमानात, भरतीचं पाणी जिथं आत येतं त्या चिखलात वाढते. छिंदवाडा बघा नकाशात. चहूबाजूंनी शेकडो किलोमीटर जमीन. मग निपा तिथं काय करत होती? एका फळावरून समुद्र आणणं हे धाडसच, आणि बरीच वर्षं ते धाडसच राहिलं. २००९ मध्ये भूशास्त्रज्ञ गेर्टा केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छिंदवाड्यातल्याच झिलमिलीच्या अशाच गाळात समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांची कवचं दाखवली, डायनासोर संपल्यानंतर लगेचच्या काळातली. म्हणजे समुद्राची एक अरुंद जीभ देशाच्या पोटात इतकी आत आली होती. कुठून आली, नर्मदेच्या खोऱ्यातून की दुसरीकडून, यावर वाद आहे. वनस्पतीचं फळ समुद्राची बातमी देतं आणि वाळूच्या कणाएवढं कवच तिला दुजोरा देतं, एवढं आज मनात धरून ठेवा. डोळ्यांपुढे छिंदवाड्याच्या शेतांतून खाऱ्या पाण्याची ओहोटी जाऊ द्या. घाई नाही.

पण हे सगळं एका अटीवर उभं आहे: ते फळ मोहगावचं होतं आणि ती कवचं झिलमिलीची. ही अट मोडली की काय होतं ते बघा. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पुराजीवशास्त्रज्ञ जॉन टॅलंट यांनी 'नेचर'मधून चंदीगडच्या एका प्राध्यापकांचे हिमालयातले शोध उघडे पाडले. त्यांचे जीवाश्म खरे होते. नावंही कित्येक ठिकाणी बरोबर असतील. खोटी होती ती जागा. मोरोक्कोतले अमोनॉइड हिमालयात सापडल्याचं लिहिलं होतं. त्यामुळे हिमालयाच्या भूशास्त्रात वर्षानुवर्षं गाळ साचला. गंडकीच्याच शाळिग्रामाचा आग्रह धरणारी आजी या बाबतीत कितीतरी काटेकोर होती.

हौशी माणसाचं बळही नेमकं इथंच आहे. पेशी ओळखणं आपल्या हातात नाही, जागा सांगणं आहे. असे एक हौशी स्टीफन हिस्लॉप. १८४५ मध्ये ते धर्मप्रचारासाठी नागपूरला आले. फावल्या वेळात रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर टाकळीच्या आसपास दगड फोडत हिंडायचे. गोड्या पाण्यातले शंख, पानं, किड्यांचे कडक पंख, सगळं गोळा केलं. शंखांचं वर्णन स्वतः केलं. किडे आणि वनस्पती ज्यांना कळतात त्यांच्याकडे इंग्लंडला पाठवल्या. १८६३ मध्ये ओढ्याच्या पुरात ते बुडाले. नागपूरच्या गाळाबद्दल आज लिहिणाऱ्यालाही त्यांच्या नोंदींपासूनच सुरुवात करावी लागते.

दुसरे मंडल्याचे धर्मेंद्र प्रसाद. जिल्ह्याचे सांख्यिकी अधिकारी, हाताशी आकड्यांचं काम, आणि जोडीला जिल्हा पुरातत्त्व मंडळाचं मानद सचिवपद. १९७० च्या दशकात त्यांनी घुघुआच्या माळावर पडलेली दगडी खोडं नोंदवली. गावकऱ्यांना ती दिसत होतीच. प्रसादांनी ती जाणत्यांपर्यंत नेली. मग लखनौच्या बिरबल साहनी संस्थेचे बांदे, जबलपूरच्या विज्ञान महाविद्यालयाचे इंगळे अशा अभ्यासकांनी ती तपासली. अठरा कुळांतल्या एकतीस प्रजाती निघाल्या, त्यात ताड भरपूर. ताडाचं दगडी खोड तुम्हालाही ओळखता येईल: आडव्या कापाला पाणी लावा, वर्तुळं दिसत नाहीत, सगळीकडे विखुरलेले ठिपके दिसतात. १९८३ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं. तिथंच निलगिरीच्या वर्गातलं एक लाकूड मिळालं, ऑस्ट्रेलिया आणि आपण एकाच भूखंडाचे होतो त्याची साक्ष देणारं. त्या जातीच्या शास्त्रीय नावात 'धर्मेंद्र' आहे.

आता उजेड जायला आला असेल. समोरचा दगड अजून बिननावाचा असेल तर तसाच राहू द्या. पण उठण्याआधी एक काम करा. कागदाच्या तुकड्यावर लिहा: कुठल्या गावच्या कुठल्या नाल्यात, कड्यात की शेतात मिळाला, खडकात अडकलेला होता की सुटा पडलेला, कुणी उचलला, कोणत्या तारखेला. आठवत नसेल तर ज्यानं दिला त्याला आजच फोन करा, तो विसरण्याआधी. चिठ्ठी दगडाबरोबर पिशवीत घाला. मग तो अरेरा कॉलनीतल्या पर्यावरण परिसरातल्या प्राकृतिक इतिहास संग्रहालयात किंवा जवळच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागात नेऊन दाखवा. घुघुआ आणि भीमबेटका इथला खडाही उचलू नका. तिथं काही दिसलं तर शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, एक समोरून आणि एक बाजूनं. आणि चिठ्ठी पेन्सिलनं लिहा. ओल लागली की शाई पसरते, पेन्सिलचं अक्षर टिकतं.